नोंदवही यंत्राबाहेर हवी : एअरफ्लोचे लॉग आपल्याच सर्व्हरवर



आजचा विषय नावानं कोरडा आहे. अपाचे एअरफ्लो या सॉफ्टवेअरची जोडणी आपल्याच जागेत, आपल्याच यंत्रावर चालणाऱ्या लॉगच्या भांडाराशी कशी करायची, ते आज बघायचं आहे. हे बोलताना माझ्या डोळ्यांसमोर तीन प्रकारची माणसं आहेत. पहिली, छोट्या रुग्णालयात, शाळेत किंवा पतसंस्थेत सगळी यंत्रं एकट्यानं सांभाळणारी. दुसरी, शिक्षण संपवून नोएडा-गुरुग्रामला नुकतीच कामाला लागलेली आपली मराठी मुलं. आणि तिसरी, स्वतः कळफलकाला हात न लावणारी, पण ज्यांच्या सहीशिवाय पैसे सुटत नाहीत अशी संचालक मंडळी. तिसऱ्यांनी मधला तांत्रिक भाग हवा तर सोडावा, पण शेवटचा कवायतीचा भाग ऐकल्याशिवाय उठू नये.

आधी एअरफ्लो म्हणजे काय ते. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमानं करायची कामं असतात. रात्री एक वाजता दिवसभराचा डेटा गोळा करा, तो तपासा, चुकीच्या ओळी बाजूला काढा, अहवाल करा, पाठवा. पहिलं काम झाल्याशिवाय दुसरं सुरू करायचं नाही, एखादं फसलं तर दोनदा पुन्हा प्रयत्न करायचा, तरी जमलं नाही तर माणसाला उठवायचं. हा सगळा हुकूमनामा एअरफ्लोत पायथनमध्ये लिहितात. त्या कामांच्या साखळीला ‘डॅग’ म्हणतात आणि साखळीतल्या प्रत्येक कडीला ‘टास्क’. २०१४ मध्ये एअरबीएनबी या कंपनीत हे काम सुरू झालं, २०१५ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं आणि २०१९ मध्ये ते अपाचे संस्थेचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प बनलं. आज बँकांपासून प्रयोगशाळांपर्यंत ते चालतं, आणि फुकट असल्यामुळे छोट्या संस्थांनाही परवडतं.

आता लॉग. मी सैन्यात सिग्नल्समध्ये होतो. रेडिओ सेटवर बसलेल्या ऑपरेटरच्या पुढ्यात एक लॉगशीट असते. किती वाजता कोण बोललं, काय निरोप आला, पोच मिळाली की नाही, हे तो त्याच क्षणी लिहीत जातो. नंतर आठवून लिहिलेल्या लॉगला काडीची किंमत नसते. एअरफ्लोचा प्रत्येक टास्क असंच लिहीत असतो : सुरू झालो, फाइल उघडली, इतक्या ओळी वाचल्या, अमुक सर्व्हरनं उत्तर दिलं नाही, पुन्हा प्रयत्न करतोय, संपलो. प्रश्न एवढाच की हा कागद राहतो कुठे?

वेगळं काही सांगितलं नसेल तर तो टास्क ज्या यंत्रावर चालला त्याच यंत्राच्या डिस्कवर राहतो. या काम करणाऱ्या यंत्राला ‘वर्कर’ म्हणतात. हल्ली वर्कर म्हणजे बहुतेक वेळा कंटेनर असतो. तो बिघडला की कोणी दुरुस्त करत बसत नाही. मोडून नवा उभा करतात. आणि त्याची फाइल बाहेरच्या डिस्कवर ठेवलेली नसेल, तर जुन्याबरोबर त्याची नोंदवहीही जाते. म्हणजे ज्या जवानाला गोळी लागली, नेमकी त्याच्याच खिशातली डायरी आपण जाळून टाकतो.

हे कागदावरचं भय नाही. गाझियाबादच्या बाजूला एक धर्मादाय रुग्णालय आहे. नाव सांगत नाही. तिथे पहाटे एक डॅग चालतो. आदल्या दिवशीचे रक्ततपासणीचे निकाल घेतो, धोक्याच्या हद्दीबाहेरचे वेगळे काढतो आणि सकाळच्या पाळीच्या डॉक्टरांसाठी यादी करतो. पोटॅशियम वाढलेला मूत्रपिंडाचा रुग्ण त्या यादीत वर दिसला पाहिजे, कारण त्या वाढीनं हृदयाचे ठोके बिघडतात आणि वाट बघायला वेळ नसतो. एके सकाळी यादी नेहमीपेक्षा फार लहान आली. वॉर्डच्या सिस्टरना शंका आली, त्यांनी प्रयोगशाळेतलं कागदी रजिस्टर मागवलं आणि हातानं ताडून पाहिलं. राहिलेली नावं सापडली, डॉक्टरांना फोन गेले, कोणाला इजा झाली नाही.

नंतर कारण शोधायला बसले. पडद्यावर टास्क हिरवा होता, म्हणजे यशस्वी. दुसऱ्या प्रयत्नात यशस्वी. पहिला प्रयत्न का फसला? लॉग उघडला तर उत्तर आलं, फाइल अस्तित्वात नाही. पहिला प्रयत्न ज्या वर्करवर झाला, तो रात्रीच मोडून नवा झाला होता. तपासणी यंत्रानं निकाल उशिरा दिले, मध्येच नेटवर्क तुटलं, की आज्ञावलीनं अर्धी फाइल पुरी समजली? तिन्हीवरचे उपाय वेगळे, आणि तीन दिवस तीन माणसं एकमेकांकडे बोट दाखवत होती. खोटं कोणीच बोलत नव्हतं. पुरावाच उरला नव्हता.

याच दिल्लीत याहून कितीतरी मोठी गोष्ट सगळ्या देशानं पाहिली आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी एम्सच्या सर्व्हरांवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला. ई-हॉस्पिटल प्रणाली बंद पडली. नोंदणी, दाखला, प्रयोगशाळा, सगळं कागदावर आलं. बहुतेक कामं पूर्ववत व्हायला दोन आठवडे गेले. तिथे एअरफ्लो होतं असं मी म्हणत नाही. ती प्रणाली वेगळी होती. मला त्यातून दोनच गोष्टी घ्यायच्या आहेत. सरकारनं सांगितलेलं कारण होतं नेटवर्कची नीट विभागणी नसणं, म्हणजे एका खोलीत शिरलेला माणूस सगळ्या घरात फिरू शकला. आणि ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला तो हल्ला न पोचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. जे वेगळं होतं ते वाचलं. लॉगलाही हाच न्याय लागू आहे. घुसलेला चोर जाताना पावलांचे ठसे पुसतो. ठसे त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी हवेत.

कायद्याचंही बोलून घेऊ. लोधी रोडच्या सीजीओ संकुलात सर्ट-इन ही देशाची संगणक सुरक्षेची संस्था आहे. तिनं २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. सेवा पुरवठादार, मध्यस्थ, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या सर्व संगणकीय यंत्रणांचे लॉग चालू ठेवायचे, मागच्या १८० दिवसांचे सुरक्षित ठेवायचे, तेही भारताच्या अधिकारक्षेत्रात. आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची. छोट्या उद्योगांना यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत दिली होती, तीही केव्हाच संपली. सहा तासांत कळवायचं तर काय झालं ते सहा तासांत कळायला हवं. लॉग पाच वर्करांवर विखुरलेले असतील, तर त्यातले चार तास नुसते शोधाशोधीत जातील. बैल गेला आणि झोपा केला, अशी गत.

आता जोडणी. वाटा दोन आहेत.

पहिली वाट कोठाराची. आपल्याच सर्व्हरवर सेफ किंवा मिनिओसारखं फाइलींचं कोठार उभं करायचं, जे ॲमेझॉनच्या एस-थ्रीचीच भाषा बोलतं. एअरफ्लोच्या लॉगिंग विभागात ‘रिमोट लॉगिंग’ चालू करायचं, कोठाराचा पत्ता द्यायचा आणि ज्या कनेक्शनमध्ये नाव-पासवर्ड ठेवला आहे त्याचं नाव द्यायचं. झालं. टास्क संपला की वर्कर आपली फाइल उचलून कोठारात टाकतो. टास्क चालू असताना पडद्यावर लॉग हवा असेल, तर एअरफ्लोचा वेब सर्व्हर थेट वर्करला विचारतो. त्यासाठी वर्करचं ८७९३ हे पोर्ट आतल्या नेटवर्कमध्ये उघडं हवं. ही वाट सोपी आहे, स्वस्त आहे, आणि जिथे दिवसाला शंभर-दोनशे टास्क चालतात तिथे अनेकदा पुरेशी आहे.

पण ‘टास्क संपला की’ हे शब्द पुन्हा ऐका. टास्क नीट फसला तरी फाइल जाते. पण वर्करच मेला, स्मृती संपली म्हणून यंत्रणेनं त्याला एका फटक्यात उडवलं, वीज गेली, तर फाइल पाठवायला कोणी उरतच नाही. ज्या दिवशी लॉगची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी तो नसण्याची शक्यता सर्वांत जास्त.

म्हणून दुसरी वाट : ओळ लिहिली गेली की लगेच बाहेर. इथे इलॅस्टिकसर्च किंवा ओपनसर्च हे शोधता येणारं भांडार लागतं. ही दोन नावं का, असं विचारतात म्हणून सांगतो. २०२१ मध्ये इलॅस्टिक कंपनीनं आपल्या सॉफ्टवेअरचा परवाना बदलला. तेव्हा जुन्या खुल्या आवृत्तीवरून ॲमेझॉननं ओपनसर्च वेगळं काढलं. २०२४ मध्ये इलॅस्टिकनं पुन्हा एक खुला परवाना जोडला. आपल्या कामाला दोन्ही चालतात, एअरफ्लोत दोन्हींसाठी जोडपट्टी मिळते. मी पुढे इलॅस्टिकसर्चच म्हणेन.

आता नीट लक्ष द्या, कारण बहुतेकांचं घोडं इथंच पेंड खातं. एअरफ्लोच्या सेटिंगमध्ये इलॅस्टिकसर्चचा पत्ता लिहिला, पान उघडलं, लॉग दिसत नाही. पत्ता बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी पान कोरं. कारण तो पत्ता मुळात वाचण्यासाठी आहे. एअरफ्लो तिथे जाऊन लॉग मागतो. लॉग तिथे पोचवण्याचं काम दुसऱ्या कोणीतरी करायचं असतं. मुख्यालयात टपालपेटी बसवली, रोज उघडून पाहतोय, पण चौकीवरून डाक घेऊन येणारा डिस्पॅच रायडर नेमलेलाच नाही! नव्या आवृत्त्यांत एअरफ्लोनं स्वतः लिहिण्याची सोयही आली आहे. पण ती ओळी चालू कामातच पाठवते की काम संपल्यावर, हे आपल्या आवृत्तीवर तपासून मगच तिच्यावर भरवसा ठेवा.

डिस्पॅच रायडरचं काम फाइलबीट किंवा फ्लुएंट बिट हे छोटे प्रोग्राम करतात. क्रम असा. एअरफ्लोला सांगायचं की टास्कचे लॉग मानक आउटपुटवर, म्हणजे कंटेनरच्या तोंडावाटे, बाहेर टाक आणि ते जेसन स्वरूपात टाक. जेसन म्हणजे प्रत्येक ओळीला खाने पाडलेला छापील फॉर्म : वेळ, डॅग, टास्क, कितवा प्रयत्न, मजकूर. कंटेनर चालवणारी यंत्रणा ही ओळ यजमान यंत्रावरच्या फाइलीत लिहिते. फाइलबीट त्या फाइलीच्या शेवटाकडे डोळे लावून बसलेला असतो. नवी ओळ दिसली की उचलतो आणि भांडारात नेऊन टाकतो. कंटेनर मेला तरी तोवर बाहेर पडलेल्या ओळी यजमान यंत्रावर असतात, आणि बहुतेक भांडारात पोचलेल्याही असतात.

इथे तीन खाचखळगे आहेत.

पहिला, पाकिटातलं पाकीट. कंटेनर यंत्रणा आपल्या जेसन ओळीला स्वतःच्या आणखी एका जेसनमध्ये गुंडाळते. फाइलबीटनं ते आतलं पाकीट उघडलं नाही, तर भांडारात सगळा मजकूर एकाच खान्यात कोंबला जातो. एअरफ्लो शोधतो तो ‘लॉग आयडी’ नावाच्या खान्यानं. त्यात डॅग, टास्क, रन, मॅप क्रमांक आणि प्रयत्न हे सगळं जोडलेलं असतं. तो खाना वर आलाच नाही तर लॉग भांडारात असूनही सापडत नाही. तसंच ‘ऑफसेट’ हा खाना ओळींचा क्रम सांगतो. तो आकडा म्हणून साठवला गेला पाहिजे. जुन्या आवृत्तीत लॉग आयडी तारखेवर बांधलेला होता, नंतर तो रनच्या नावावर आला. म्हणून एअरफ्लोची आवृत्ती बदलल्यावर जुने लॉग पानावर दिसेनासे झाले, तर भांडार फुटलं असं समजून घाबरू नका. आधी हा साचा तपासा.

दुसरा, ‘होस्ट’ हा खाना. ओळ कोणत्या यंत्रावरून आली ते एअरफ्लो या खान्यात बघतो आणि तिथे त्याला साधं नाव हवं असतं. फाइलबीट तिथे नाव, पत्ता, प्रणाली असा सगळा गठ्ठा ठेवतो. मग पान उघडताना चूक येते, आणि चुकीच्या संदेशावरून कारण अजिबात उमगत नाही. उपाय एका ओळीचा : एअरफ्लोला सांगायचं की यंत्राचं नाव ‘होस्ट डॉट नेम’ मध्ये बघ.

तिसरा, पोच. रेडिओवर समोरचा ‘रॉजर’ म्हणेपर्यंत निरोप पोचला असं धरत नाहीत. फाइलबीटही भांडाराची पोच येईपर्यंत ओळ पुन्हा पाठवतो. म्हणून कधीकधी एकच ओळ दोनदा दिसेल. ते चालेल. न चालणारी गोष्ट वेगळी आहे. भांडार चार तास बंद पडलं आणि तेवढ्यात यजमान यंत्रावरच्या फाइली आकार भरला म्हणून फिरून पुसल्या गेल्या, तर त्या ओळी कायमच्या गेल्या. फाइली किती मोठ्या झाल्यावर फिरवायच्या हे ठरवताना, भांडार जास्तीत जास्त किती वेळ बंद राहू शकतं ते आधी ठरवा. शुक्रवारी रात्री बंद पडलं आणि सोमवारी लक्षात आलं, असं आपल्याकडे होत असेल, तर अडीच दिवसांची जागा ठेवा.

आता घड्याळ. हा भाग मला सर्वांत आवडतो, कारण तो याच शहरातला आहे. भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीतली राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा, म्हणजे एनपीएल, आण्विक घड्याळांवर राखते. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत म्हटलं आहे की यंत्रांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळ सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी मिळणाऱ्या सर्व्हरशी, जुळवलेली हवीत. ही नुसती औपचारिकता समजू नका. वर्कर दोन मिनिटं मागे आणि प्रयोगशाळेचं यंत्र तीन मिनिटं पुढे असेल, तर लॉगवरून असं दिसेल की निकाल तयार होण्याआधीच पाठवला गेला. कोणत्याही चौकशीत असा पुरावा आपल्यावरच उलटतो.

घड्याळ चुकल्याचा एक थेट फटकाही बसतो. वेब सर्व्हर वर्करकडे लॉग मागतो तेव्हा सोबत एक सही केलेला, थोडाच वेळ चालणारा परवाना पाठवतो. दोन्ही यंत्रांवरची गुप्त किल्ली एकच नसेल, किंवा घड्याळांत फरक असेल, तर वर्कर ‘४०३, मनाई’ असं उत्तर देतो. लोक फायरवॉल उघडत बसतात. दोष किल्लीत किंवा घड्याळात असतो. आणि एक लक्षात ठेवा, एअरफ्लो आतून जागतिक वेळेत लिहितो, आपण साडेपाच तास पुढे आहोत. भांडारात वेळ जागतिकच राहू द्या, पडद्यावर भारतीय दाखवा. पण मध्यरात्री ते पहाटे साडेपाच या वेळेतल्या कामांची भांडारातली तारीख आदल्या दिवसाची असते, हे रात्रपाळीच्या माणसाला लेखी सांगून ठेवा. नाहीतर तो चुकीच्या दिवसात शोधत बसेल.

आता भांडाराच्या किल्ल्या. तीन खाती करा. फाइलबीटच्या खात्याला फक्त नवी ओळ जोडण्याचा अधिकार. वाचायचा नाही, बदलायचा नाही, पुसायचा नाही. एअरफ्लोच्या खात्याला फक्त वाचण्याचा. आणि पुसण्याचा अधिकार असलेलं खातं तिसऱ्या माणसाकडे, जो रोज त्यानं आत शिरत नाही. भांडाराचं यंत्र वेगळ्या नेटवर्क विभागात ठेवा, वाटेतला मजकूर टीएलएसनं बंदिस्त करा. वर्करवर कब्जा केलेला माणूस फार तर खोट्या ओळी घालू शकेल, खऱ्या ओळी पुसू शकणार नाही.

आणि लॉगमध्ये काय लिहायचं नाही, तेही ठरवा. एअरफ्लो कनेक्शनचे पासवर्ड स्वतःहून झाकतो. पण रुग्णाचं नाव, फोन, निदान हे त्याला ओळखू येत नाही. तुमच्या आज्ञावलीनं ते छापलं तर ते जसंच्या तसं भांडारात जाईल आणि महिनोन्‌महिने राहील. नोंद अशी हवी : ‘नमुना क्रमांक अमुक, पोटॅशियम हद्दीबाहेर, यादीत घेतला.’ नाव नको. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम यांनी ही जबाबदारी आपल्यावर टाकली आहे. त्या नियमांत लॉग वर्षभर ठेवण्याची तरतूदही आहे. म्हणून जागा मोजताना १८० दिवसांवर थांबू नका.

जागेचा हिशेब सोपा आहे. दिवसाला एक जीबी लॉग होत असतील तर वर्षाचे ३६५ जीबी. दुसऱ्या यंत्रावर एक प्रत ठेवली की ७३०. वर थोडी मोकळी जागा हवीच, कारण इलॅस्टिकसर्च डिस्क ८५ टक्के भरली की त्या यंत्रावर नव्या प्रती ठेवणं थांबवतं, ९० ला असलेल्या प्रती हलवू लागतं आणि ९५ टक्क्यांना लिहिणंच बंद करतं. या मूळ मर्यादा आहेत, बदलता येतात. बदलण्यापेक्षा ७५ टक्क्यांना फोन वाजेल अशी सूचना लावा. जुन्या महिन्यांचे लॉग आपोआप स्वस्त डिस्कवर जातील आणि मुदत संपली की आपोआप पुसले जातील, असा नियमही भांडारातच लिहिता येतो. हातानं पुसायचं ठेवलं तर एक दिवस घाईत भलतंच पुसलं जाईल.

आता कवायत. संचालक मंडळी, तुम्ही जागे व्हा. जोडणी झाली असं तुमचा माणूस सांगेल तेव्हा त्याला शाबासकी द्या, आणि मग या पाच गोष्टी तुमच्या समोर करून दाखवायला सांगा.

एक. एक ते हजार आकडे सावकाश छापणारा टास्क सुरू करा आणि पाचशेच्या आसपास वर्करला जबरदस्तीनं मारा. भांडारात शेवटचा आकडा कोणता सापडला? पाचशेच्या जवळचा असेल तर जोडणी झाली. शून्य असेल तर नुसतं सेटिंग झालं आहे.

दोन. भांडार अर्धा तास बंद ठेवा. रोजची कामं चालूच राहिली पाहिजेत. नोंदवही मिळत नाही म्हणून रुग्णाचा अहवाल अडता कामा नये. भांडार पुन्हा सुरू करा आणि मधल्या अर्ध्या तासाचे सगळे आकडे आले का मोजा.

तीन. वर्कर पूर्ण पुसून नवा उभा करा आणि मागच्या आठवड्यातला फसलेला पहिला प्रयत्न पानावर उघडून दाखवा. शेवटचा प्रयत्न चालणार नाही. पहिलाच.

चार. फाइलबीटच्या खात्यानं एक जुनी ओळ पुसण्याचा प्रयत्न करा. तो फसला पाहिजे.

पाच. ही सर्वांत महत्त्वाची. ज्यानं जोडणी केली त्याला बाहेर चहा प्यायला पाठवा. रात्रपाळीच्या माणसाला खुर्चीत बसवा आणि विचारा : काल पहाटेची यादी कोणत्या प्रयत्नात झाली, भारतीय वेळेनुसार किती वाजता, आणि त्यात किती नमुने होते? दहा मिनिटांत त्यानं उत्तर दिलं पाहिजे. ते एकाच माणसाला येत असेल तर तो माणूस सुट्टीवर गेला की भांडारही सुट्टीवर गेलं.

ही कवायत दर तीन महिन्यांनी करा आणि प्रत्येक वेळचा निकाल कागदावर, तारीख-सहीसह ठेवा. कागदावर मुद्दाम म्हणतोय. त्या रुग्णालयात शेवटी कागदी रजिस्टरनंच हात दिला, आणि एम्समध्येही त्या दोन आठवड्यांत कागदानंच काम चालवलं.

छोट्या संस्थेला एवढं सगळं एकदम झेपत नसेल, तर क्रम सांगतो. या आठवड्यात घड्याळं जुळवा. त्याला पैसे लागत नाहीत. पुढच्या आठवड्यात कोठाराची सोपी वाट सुरू करा, म्हणजे नीट संपणाऱ्या कामांचे लॉग तरी सुरक्षित होतील. मग सवडीनं भांडार आणि डिस्पॅच रायडर उभे करा. ज्या दोन-तीन डॅगांवर कोणाचा जीव किंवा पगार अवलंबून आहे, त्यांच्यापासून सुरुवात करा. सगळ्या कामांना एकाच पंक्तीत बसवण्याची गरज नाही.

काही जण विचारतात, एवढा खटाटोप करण्यापेक्षा बाहेरच्या मोठ्या कंपनीची तयार सेवा का घेऊ नये? जरूर घ्या, परवडत असेल आणि लॉग देशात राहत असतील तर. पण तेव्हाही वरच्या पाचही कवायती तशाच कराव्या लागतील. बाहेरची कंपनी भांडार देईल. वर्कर मरताना त्याची शेवटची ओळ बाहेर पडली की नाही, ते आपल्याच अंगणात ठरतं. आणि एखाद्या सकाळी रुग्णाचा मुलगा समोर येऊन विचारेल, ‘साहेब, बाबांचा रिपोर्ट का पोचला नाही?’ तेव्हा उत्तरही आपल्यालाच द्यावं लागतं. ‘बघून सांगतो’ म्हटल्यावर खरंच बघायला काहीतरी असावं, एवढ्यासाठी हा सगळा उद्योग.

पुढच्या भागात याच भांडारावर धोक्याच्या सूचना कशा लावायच्या ते पाहू : कोणत्या गोष्टीसाठी माणसाला झोपेतून उठवायचं आणि कोणती सकाळपर्यंत थांबू शकते. तोवर पहिली कवायत करून ठेवा.